सरांचा हात

मी भूलतज्ज्ञ. नाशिकमध्ये २८ वर्षं. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही. कॉल आला की पिशवी उचलायची आणि निघायचं. सकाळी गंगापूर रोड, दुपारी पंचवटी, रात्री सिडकोत एखादं इमर्जन्सी सिझर. त्यामुळे शहरात कुणाचा हात कसा चालतो हे मला जितकं ठाऊक आहे, तितकं कुठल्याच कौन्सिलला नाही. ते ठाऊक असतं मला, ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सिस्टरला आणि ट्रॉली ढकलणाऱ्या मामांना. आम्हा तिघांना ते आजवर कुणी विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात माझं रजिस्ट्रेशन रिन्यू केलं, तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नियम सरळ आहे: दर ५ वर्षांनी रिन्यूअल, त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट. ते मिळतात व्याख्यानांना, कॉन्फरन्सना बसून. कौन्सिलचा निरीक्षकही येतो. हजेरी चोख तपासतात. मी स्वतः एकदा मधुमेहातल्या पायाच्या जखमांवर अख्खा रविवार ऐकून पॉइंट घेतलेत, कारण पॉइंट कमी पडत होते (जेवणही चांगलं होतं). माझ्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध फारच थोडा.

आणि गंमत बघा. चाळिशीनंतर गाडीचं लायसन्स रिन्यू करायला गेलात की आरटीओ फॉर्म १-ए मागतो. या माणसाला नीट दिसतं, ऐकू येतं, अशी सही त्यावर डॉक्टरने करायची. सही करणाऱ्याचे डोळे शेवटचे कधी तपासले, हे विचारणारा फॉर्म अजून छापला गेलेला नाही.

आता सरांचं सांगते. नाव नाही, हॉस्पिटल नाही. माझ्या पिढीच्या निम्म्या सर्जननी त्यांच्याकडे गाठ मारायला शिकलं. वय तेव्हा ७४. पित्ताशयाची केस, दुर्बिणीतून. सर दुर्बीण पन्नाशीनंतर शिकले आणि आता महिन्याला एखादीच करत होते. पोटात गॅस भरून पावणेदोन तास झाले. पित्ताशयाच्या मुळाशी सगळं चिकटलेलं, सरांचं हत्यार तिथेच घुटमळतंय, माझ्या मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइड चढतोय. मी दोनदा म्हटलं, "सर, ओपन करायचं का?" उत्तर नाही. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा सिस्टरने काही न बोलता ओपनचा ट्रे उघडून ठेवला. सरांनी ट्रेकडे पाहिलं, दुर्बीण काढली, पोट उघडलं आणि पुढच्या पंचवीस मिनिटांत पित्ताशय बाहेर. ओपनमध्ये सर तेव्हाही सरच होते. पेशंट बरा होऊन घरी गेला. "फार चिकटलेलं होतं" असं नातेवाइकांना सांगितलं. खोटं नव्हतंच ते.

त्याबद्दल नंतर कुणीही, कुठेही, एक शब्द बोललं नाही. मीसुद्धा नाही.

काही महिन्यांनी एका लग्नात सरांच्या मिसेस भेटल्या. मला हाताला धरून बाजूला नेलं. "अगं, तू रोज त्यांच्याबरोबर असतेस. खरं सांग, यांचा हात चालतो ना अजून?" मी म्हटलं, "काकू, छान चालतो की!" आणि आइस्क्रीमच्या काउंटरकडे सटकले. सरांचे कॉल म्हणजे माझ्या महिन्याच्या कमाईचा चांगला भाग होता. हेही लिहायलाच हवं.

इंग्लंडमध्ये यावर काहीतरी केलं गेलं. ३ डिसेंबर २०१२ पासून तिथे रिव्हॅलिडेशन आहे, म्हणजे परवाना चालू ठेवायचा तर डॉक्टरची ठरावीक काळाने तपासणी. दरवर्षी अप्रेझल, म्हणजे दुसऱ्या प्रशिक्षित डॉक्टरसमोर बसून आपल्या वर्षाचा हिशेब मांडायचा: काय शिकलो, काय चुकलं, तक्रारी कोणत्या. ५ वर्षांतून एकदा पेशंटचं आणि सहकाऱ्यांचं मतही घ्यायचं, सहकाऱ्यांत नर्ससुद्धा आल्या. मग एक जबाबदार अधिकारी शिफारस करतो आणि परवाना पुढे चालू राहतो. यामागे हॅरॉल्ड शिपमनचं प्रकरण होतं, १५ पेशंटच्या खुनांसाठी २००० मध्ये दोषी ठरलेला फॅमिली डॉक्टर. पुढे चौकशीत बळींचा आकडा २१५ वर गेला. पण मला वाटतं, शिपमन अप्रेझलमध्ये आरामात पास झाला असता. पेशंटना तो आवडायचा! खुनी पकडायला ही पद्धत निरुपयोगी आहे. ती सरांसारख्यांसाठी हवी, जे चांगले आहेत, फक्त एका जागी मागे पडलेत.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या हॉस्पिटलमधल्या वृद्ध पेशंटचा एक मोठा अभ्यास आला होता. वयस्कर फिजिशियनच्या पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. पण ज्यांच्याकडे भरपूर पेशंट होते, त्यांच्यात वयाने फरक पडला नाही. अभ्यास फिजिशियनचा, सर्जनचा नव्हे, पण मला सर आठवले. प्रश्न ७४ चा नव्हता, महिन्याला एका दुर्बिणीचा होता. कुणीतरी समोर बसून केसेसची वही उघडली असती तर दहा मिनिटांत निघालं असतं: सर, ओपन तुम्ही करा, दुर्बीण पोरांना द्या, तुम्ही शेजारी उभे राहा.

इंग्लंडची नक्कल इथे जशीच्या तशी चालणार नाही, हेही खरं. तिथे बहुतेक डॉक्टर एकाच सरकारी व्यवस्थेत. आपल्याकडे वीस खाटांचं नर्सिंग होम, मालक तोच, सर्जन तोच, बिल लिहिणारी बायको. अप्रेझल करणार कोण? नाशिकचा डॉक्टर नाशिकच्या डॉक्टरबद्दल खरं बोलणार नाही, सगळे एकमेकांच्या रेफरन्सवर जगतो. धुळ्याचा, जळगावचा माणूस आणावा लागेल. आणि तिथे बोललेलं कोर्टात जाणार नाही, अशी कायद्याची हमी लागेल. सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या निकालाने डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले, त्यात गैर काही नाही. पण उद्या आपलीच कबुली वकिलाच्या हातात पडणार असेल तर कोण तोंड उघडेल? २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांसाठी नवे नियम काढले, जेनेरिक औषधांवरून गदारोळ झाला आणि तीन आठवड्यांत ते स्थगित. त्यातही हिशेब पुन्हा ३० पॉइंटचाच होता. १९९८ मध्ये स्थापन झालेलं आरोग्य विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे. पोरांच्या परीक्षा घेतं. पंचावन्नच्या पुढच्यांसाठी एक छोटा प्रयोग इथूनच का सुरू होऊ नये?

आता माझं. मी ५५. दोन वर्षांपूर्वी एका केसमध्ये अ‍ॅट्रोपिनची अँप्यूल (इंजेक्शनच्या औषधाची काचेची कुपी) हातभर लांब धरून दिव्याखाली वाचायचा प्रयत्न करत होते. अ‍ॅड्रेनालिनची अँप्यूल तशीच दिसते, अक्षरं मुंगीएवढी. सिस्टरने ती माझ्या हातातून घेतली, मोठ्याने नाव वाचलं आणि परत दिली. केस संपल्यावर हळूच म्हणाली, "मॅडम, चष्म्याचा नंबर बघून घ्या." वीस वर्षांची ओळख, म्हणून बोलली. नंबर बदललेला निघाला. तेव्हापासून प्रत्येक औषध ती मोठ्याने वाचते, मग मी भरते.

या रविवारी मी एक पानभर प्रश्न टाइप केले. माझी तयारी कशी असते, घाई करते का, ओरडते का, कोणती केस मी घेऊ नये असं वाटतं. पाच ओटींमधल्या सिस्टरना दिले. चौघींनी हसून सगळीकडे 'उत्तम' लिहिलं. पाचवीने कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "मॅडम, यावर माझं नाव लिहायचं का?"