तुमची रोजची रनिंग किती?

इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचा विचार आहे, हे वाक्य चारचौघांत बोलू नये. घ्यायचीच असेल तर गुपचूप घ्यावी, अंधार पडल्यावर घरी आणावी आणि कुणी विचारलंच तर ‘पाहुण्यांची आहे’ म्हणून सांगावं. मी हे वाक्य ऑफिसच्या लिफ्टमध्ये बोललो. लिफ्ट खाली पोचेपर्यंत कोणती घ्यावी, कोणती मुळीच घेऊ नये आणि कोणाच्या मेव्हण्याची गाडी भर चौकात कशी बंद पडली, हे सगळं मला कळलेलं होतं. आणि प्रत्येकाचा शेवट एकच, “मी म्हणतो, अजून दोन वर्षं थांब. टेक्नॉलॉजी सुधारतेय.”

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तिच्या जडणघडणीत वाटा असलेल्या तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते २०१९ मध्ये. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. म्हणजे थांबण्याच्या बाबतीत माझ्या सहकाऱ्यांच्या जवळपास जाऊ शकेल, अशी एकच संस्था जगात आहे, ती म्हणजे नोबेल समिती.

मी न थांबायचं ठरवलं. मग कळलं की इलेक्ट्रिक स्कूटर ही एक वस्तू नाहीच, ते चांगलं मोठं एकत्र कुटुंब आहे, आणि त्यातल्या कुणाचं कुणाशी पटत नाही. उभं राहून चालवायची आणि घडी घालून हातात धरायची, ती सगळ्यांत धाकटी. बसून चालवायची, पण सायकलवाल्यानेसुद्धा ‘जरा बाजूला’ म्हणत पुढे निघून जावं इतक्या सबुरीने जाणारी दुसरी. सिग्नल सुटला की पेट्रोलच्या गाड्यांना मागे टाकून पसार होणारी तिसरी. शिवाय तीन चाकांची, पुढे टोपली असलेली एक, जी आमच्या सासऱ्यांना पाहताक्षणी आवडली.

चिरंजीवांना घडीची हवी होती. “बाबा, पार्किंगचं टेन्शनच नाही. टेबलाखाली ठेवायची.” त्याचं म्हणणं चूक नव्हतं. अर्धा प्रवास रेल्वेने किंवा बसने करायचा, स्टेशनपासून पुढे दोन-तीन किलोमीटर गुळगुळीत रस्ता असेल आणि पंधरा किलोचं ओझं जिन्यावरून नेताना चेहरा हसरा ठेवता येत असेल, तर तिच्यासारखी सोय नाही. पण तिचं चाक जेमतेम आठ-दहा इंचांचं. मोठ्या चाकाला जो खड्डा नुसता जाणवतो, त्यात हे चाक मुक्कामाला जातं. काहींना भरीव टायर असतात. ते पंक्चर होत नाहीत. सगळे हादरे थेट चालवणाऱ्याच्या मणक्यात जमा होतात. चिरंजीवांचा मणका नवा आहे. माझा वॉरंटीच्या बाहेर गेलाय.

शोरूममधल्या मुलाने मात्र रंग, मॉडेल काही न दाखवता आधी मुद्द्याला हात घातला, “सर, तुमची रोजची रनिंग किती?”

“चाळीसेक,” मी म्हणालो.

“अठरा,” ही म्हणाली. “जाऊन-येऊन. आणि शनिवार-रविवार शून्य. तेव्हा हे सोफ्यावरून उठत नाहीत.”

अठरा! माणूस अठरा किलोमीटरचं जिणं जगत असला तरी ते असं परक्यासमोर उघडं करायचं नसतं. पण आकडा एकदा टेबलावर आला आणि त्या मुलाने कॅल्क्युलेटर काढला. बसायच्या स्कूटरला साधारणपणे किलोमीटरमागे तीस वॉट-तास लागतात. चालवणारा धसमुसळा असेल तर चाळीस. अठरा गुणिले तीस म्हणजे ५४० वॉट-तास. हजार वॉट-तास म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजेच वीजमीटरवरचं एक युनिट. म्हणजे सकाळी टाय लावून, डबा घेऊन, कपाळावर आठ्या घालून मी जो काही पराक्रमाला निघतो, तो सगळा मिळून अर्ध्या युनिटात बसतो. दोन युनिटांच्या बॅटरीतही माझे तीन दिवस आरामात निघाले असते.

“मग दोनची बास,” ही म्हणाली.

तेवढ्यात सासरे म्हणाले, “आणि आत्याकडे जायचं झालं तर?”

ही आत्या एकशे दहा किलोमीटरवर राहते. घरात पेट्रोलची गाडी होती, स्टँडवरून बस होती, रेल्वेही होती, तेव्हा आम्ही तिच्याकडे कधी गेलो नाही. पण बॅटरीचा विषय निघाला आणि आत्येला भेटण्याची निकड सगळ्यांना एकाच वेळी जाणवली. त्या दिवसापासून आमच्या घरात रेंज किलोमीटरमध्ये मोजणं बंद झालं. ‘ही गाडी पाऊण आत्या जाते’, ‘ती आत्येपर्यंत पोचते, पण परत येत नाही’, अशी भाषा सुरू झाली. हिशोब केला तर एका आत्येला सव्वातीन युनिटं लागत होती, जाऊन-येऊन साडेसहा. एवढी बॅटरी स्कूटरमध्ये बसवली तर वर माणूस बसवायला जागा राहील की नाही, शंकाच.

बरं, ब्रोशरवर छापलेल्या रेंजवर आत्या अवलंबून ठेवण्यात अर्थ नसतो. ती रेंज ज्या माणसाने काढलेली असते, त्याला मी मनातल्या मनात बराच काळ ओळखतो. तो एकटा असतो. त्याच्या मागे कुणी बसलेलं नसतं, पायाशी पिशवी नसते. चाचणी रोलरवर असल्यामुळे त्याला रस्ताही नसतो. मग खड्डा, चढ आणि समोरून येणारा वारा कुठून असणार? तो ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या वेळी ब्रेक लावत जातो. उशीर झालाय म्हणून त्याने कधी कान पिळलेला नाही. आणि कान पिळण्यातच सगळी गोम आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. चाळीसने जाणारी गाडी साठने नेली की वेग दीडपट होतो, पण वारा सव्वादोनपट आडवा येतो. थंडी पडली की बॅटरीही जरा आखडते. त्यात बॅटरी दरवर्षी थोडी थोडी म्हातारी होते, आणि अगदी तळाला आली की गाडी आपणहून वेग कमी करून रांगायला लागते. म्हणून छापील आकड्यातून पाव ते एक तृतीयांश आधीच कापून टाकावा. मी हे घरी सांगितल्यावर सगळे गप्प झाले. आत्या आणखी लांब गेली होती.

मग आली काढायची बॅटरी की न काढायची, ही लढाई. पार्किंगमध्ये स्वतःचा प्लग असेल तर न काढायची घ्यावी, बिनघोर. रात्री लावली, सकाळी काढली. आमच्या इमारतीत मात्र पार्किंगला फक्त एक दिवा आहे, तोही त्याच्या मर्जीने. तेव्हा बॅटरी घरात नेणं आलं. शोरूममधल्या मुलाने ती सीटखालून काढून माझ्या हातात दिली, “उचलून बघा सर, एकदम लाइट आहे.” तीन युनिटांची बॅटरी एकत्र धरली तर वीस किलोच्या घरात जाते, म्हणून तिचे दोन भाग केलेले असतात. प्रत्येकी दहा-बारा किलो. शोरूमच्या सपाट फरशीवर, ए.सी.मध्ये, पाच पावलं चालताना ती खरंच लाइट वाटते.

मी मोहाला बळी पडलो नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांकडे तसलीच गाडी आहे. “काका, जरा तुमची बॅटरी वर नेऊन बघू का?” म्हटल्यावर काकांनी जो आनंद दाखवला, तो त्यांच्या मुलाच्या नोकरीच्या वेळीही दिसला नव्हता. पहिला जिना रुबाबात गेला. दुसऱ्या जिन्यावर बॅटरीचं हँडल बोटांच्या पेरांत रुतायला लागलं आणि कनेक्टरवरचं रबरी टोपण लोंबकळून प्रत्येक पायरीला गुडघ्यावर टपटप आपटायला लागलं. मधल्या सपाटीवर मी हात बदलला. तिथे समोरच्या वहिनी दार उघडून म्हणाल्या, “अगंबाई, लिफ्ट बंद आहे का?” आमच्याकडे लिफ्ट नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं माहीत आहे. वर पोचल्यावर मी ती भिंतीला टेकवली आणि स्वतःही टेकलो. खालून काकांचा आवाज आला, “दुसरी पण नेतोस ना?” तेव्हापासून काका संध्याकाळी मला हाक मारून ‘सराव चालू ठेव’ म्हणतात.

पण तरीही ठरलं काढायचीच. जिना चढणं मान्य, खिडकीतून वायर खाली सोडणं नामंजूर. लोक खरोखर सोडतात, दोन-तीन एक्स्टेन्शन एकमेकांना जोडून. चार्जर कित्येक तास सलग भार ओढत असतो; असल्या जोडाजोडीने सॉकेट तापून वितळायला वेळ लागत नाही.

बॅटरीच्या आत काय असावं हे ठरवायला भाचा आला. तो इंजिनिअर नाही, पण व्हिडिओ पाहतो. एलएफपी आणि एनएमसी या लिथियम-आयन बॅटरीच्याच दोन जाती, आतलं रसायन तेवढं वेगळं; या दोन पक्षांमध्ये त्याच्यासारखी मुलं हिरिरीने विभागलेली असतात. एलएफपी तेवढ्याच ऊर्जेला जड, पण डोक्याने थंड आणि जास्त वेळा चार्ज होऊनही टिकणारी. एनएमसी हलकी, कमी जागेत जास्त रेंज देणारी, मात्र तिला रोज शंभर टक्के भरून ठेवलेलं मानवत नाही, ऐंशी-नव्वदवर थांबवावं. जुन्या, जड लेड-ॲसिड बॅटरीचं नाव काढल्यावर दोन्ही पक्ष एकत्र हसले. माझ्या जिन्याच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता की कोणती हलकी. हे विचारल्यावर भाच्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

मोटर चाकात असावी की मधे बेल्टवर, यावरही तो बोलला. मी मान हलवली. चढाचं मात्र मी नीट ऐकलं, कारण ऑफिसच्या अलीकडे एक चढ आहे. एक कंपनी चढ अंशात सांगते, दुसरी टक्क्यांत. बारा टक्के ऐकायला भारदस्त वाटतं, पण ते होतात जेमतेम सात अंश. (शंभर टक्के चढ म्हणजे उभी भिंत नव्हे, पंचेचाळीस अंश. हे मी त्यानंतर बऱ्याच लोकांना, त्यांनी न विचारता, सांगितलंय.) तसंच मोटरची ‘पीक’ पॉवर मोठ्या अक्षरांत असते आणि सलग किती देते ते शेवटच्या पानावर. मागे सासरे बसलेले असताना चढावर उपयोगाची ती शेवटच्या पानावरची.

रंगाचं एका मिनिटात ठरलं. पांढरा शिल्लक होता.

एवढं झाल्यावर मी सगळ्या मॉडेल्सचा एक एक्सेल तक्ता केला. रेंज, वजन, वॉट, न्यूटन-मीटर, चार्जिंगचे तास, डिकीचे लिटर. एक स्तंभ आत्येचाही होता. तो मी अभिमानाने आत्येलाच फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, “अरे, मी मागच्या महिन्यातच घेतली. तीन चाकांची. भाजीपाला आणि देऊळ, रोजचे चार किलोमीटर. पुढे टोपली आहे.” सासऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून उतरलेली नाही.

तक्ता घेऊन आम्ही टेस्ट राइडला गेलो. मी एक चक्कर मारली, टॉर्क चांगला असल्याचं जाहीर केलं. मग ही पुढे झाली. तिने आधी गाडीवर नुसतं बसून दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतात का ते पाहिलं. माझ्या तक्त्यात सीटच्या उंचीचा स्तंभ नव्हता. मग गाडी हाताने मागे ढकलून पाहिली. डिकीत आपलं हेल्मेट घालून झाकण लावलं, बसलं नाही. आडवं घातलं, बसलं. पायाशी पिशवी ठेवली आणि पाय कुठे जातात ते पाहिलं. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, रस्त्यात बंद पडली तर नक्की कोण येतं, आणि येतो तो काय घेऊन येतो, हे विचारलं. मुलगा म्हणाला, “मॅडम, ॲपमध्ये सगळं आहे.” ती म्हणाली, “ॲप ढकलणार का?” आणि निघून गेली.

ती गेली ते बराच वेळ आलीच नाही. मुलगा रस्त्याकडे बघत राहिला. शेवटी त्याने हळूच विचारलं, “सर, मॅडमनी डिस्प्ले बघितला होता ना? डेमो गाडी आहे, सकाळपासून सगळे चालवतायत. सात-आठ टक्केच होती.”

मग ती दिसली. गाडीने रांगायचा मोड पकडला होता. शाळेतून पायी परतणारी दोन मुलं तिच्या बरोबरीने चालत होती आणि तिच्याशी गप्पा मारत होती. फाटकातून आत येऊन तिने शांतपणे स्टँड लावला.

“हीच घेऊ,” ती म्हणाली. “शून्य दाखवायला लागल्यावरसुद्धा घरी आणते.” मग त्या मुलाकडे वळली. “आता एवढी उतरलीच आहे तर चार्जिंगला लावा. ब्रोशरमध्ये ऐंशी टक्क्यांना चार तास लिहिलंय ना? आम्ही बसतो.”

आणि तिने पिशवीतून पुस्तक काढलं. मुलाने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ब्रोशरचं शेवटचं पान वाचायला घेतलं.