रुपयांत घेऊ का म्हणे!

थायलंडमधलं जवळपास कुठलंही एटीएम परदेशी कार्ड दिसलं की आधी 220 बाट तरी कापतंच. हजार काढा नाहीतर दहा हजार, कात्री तीच. बरं, कापा बाबांनो! पण मग पडद्यावर लाडीगोडी सुरू: ‘रक्कम तुमच्या रुपयांतच वळती करू का?’ दर बघावा तर डोळे पांढरे. आणि नकाराचं बटण असं काही लिहिलेलं, की वाटावं दाबलं तर व्यवहारच रद्द होणार. होत नाही हो! बाटमध्येच घ्या, नोटा येतातच. पण मागे रांग खोळंबलेली, माणूस गडबडून ‘हो’ दाबतो. त्यांना तेच तर हवंय.

मग आपली बँक हात धुऊन घेणार. परकीय चलनातल्या व्यवहारावर 3.5 टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे वरचा आकार, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे शंभराला चार रुपये तेरा पैसे हवेत गुल. ऑनलाइन काही करावं तर ओटीपी भारतातल्या सिमवर, आणि त्याचं रोमिंग बंद! वर कुणी शहाणा सांगतो, ‘रोख कशाला, कार्ड स्वाइप कर ना.’ अरे, फुटपाथवरच्या नूडलवाल्या मावशीकडे स्वाइप करू? तिला थाई क्यूआर नाहीतर रोख!