चुंबक चिकटला म्हणून क्रॉस अस्सल ठरत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

1914 च्या आयर्न क्रॉसवरचा, म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन लष्करी पदकावरचा लेख वाचून तुम्ही लिहिलंत: "चुंबक चिकटतो, कडीवर के-ओ खूण आहे, फीत अतिनील दिव्याखाली चमकत नाही. आणखी काय पुरावा हवा? तुम्ही जाणकार मंडळी साध्या गोष्टीचा उगाच बागुलबुवा करता." प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तिन्ही खुणा बघायलाच हव्यात, पण त्या नकली करणाऱ्यालाही पाठ आहेत. आणि तुमचा क्रॉस मुळात बनवला कसा, हे त्यांतली एकही खूण सांगत नाही.

आधी चुंबक. अस्सल द्वितीय श्रेणीचा क्रॉस तीन भागांचा असतो: मध्ये काळा केलेला लोखंडी गाभा, आणि त्याला पुढून-मागून धरणारे चांदीच्या चौकटीचे दोन अर्धे भाग. चुंबकाला ओढ लागते ती गाभ्याची. आजच्या चांगल्या नकलांमध्येही लोखंडी गाभाच घालतात, त्यात खर्च तो काय? उलट, त्या काळात पितळी गाभ्याचेही काही क्रॉस झाले, ते चुंबकाला दाद देत नाहीत. म्हणजे ही चाचणी दोन्हीकडून फसवते.

के-ओ ही बर्लिनच्या शाही टांकसाळीची खूण, हे बरोबर. पण ती असते फीत ओवायच्या कडीवर, आणि कडी पकडीने उघडून बदलता येते. मोडक्या अस्सल क्रॉसची कडी नकलेत घालणं दोन मिनिटांचं काम आहे. शिवाय खूण नसलेले अस्सल क्रॉसही भरपूर आहेत. फितीचंही तसंच. अतिनील प्रकाशात निळसर चमकतात ती उजळपणासाठी घातलेली रसायनं. ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या धाग्यांत सर्रास येतात, पण आजच्या साबण पावडरीतही असतात. जुनी फीत कुणी धुतली असेल तर ती चमकणारच, आणि साध्या सुताची नवी फीत चमकणार नाही. कडेचा एक सुटा धागा जाळून बघा: सुताची राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. त्यातून फितीचा निकाल लागेल, क्रॉसचा नाही.

आता खरी जागा बघा, म्हणजे क्रॉसची बाहेरची कड. सोनार वापरतात तसं दहापट भिंग घ्या आणि क्रॉस उभा धरून कडेवरून उजेड तिरका पाडा. चौकटीचे दोन भाग तिथे झाळून जोडलेले असतात आणि सांधा कानशीने घासलेला असतो. दोन बाहू मिळतात त्या आतल्या कोपऱ्यांत कानस नीट पोहोचत नाही, म्हणून सांध्याची रेघ बहुतेक वेळा तिथे सापडते. एकसंध ओतीव नकलेत ही रेघ नसते, किंवा नुसती कोरून काढलेली असते. कोरलेली रेघ सगळीकडे सारख्याच खोलीची दिसते.

मग चौकटीच्या आतल्या दाण्यांच्या ओळीकडे या. पोलादी ठशाने ठोकलेले दाणे सुटे, टोकदार आणि एकसारखे असतात, दोन दाण्यांमधली फट तळापर्यंत स्वच्छ दिसते. ओतीव दाणे एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात, मधे सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, कारण धातू ओतताना हवेचे बुडबुडे अडकतात. गाभा आणि चौकट यांच्यामध्ये केसाएवढी फट असायला हवी. काळा रंग त्या फटीवरून वाहत दाण्यांवर चढलेला असेल, तर मी तो क्रॉस तिथेच बाजूला ठेवीन. गाभ्यावरच्या मुकुटावर किंवा डब्ल्यू (कैसर विल्हेल्मचं आद्याक्षर) अक्षरावर रंग झिजला असेल तर, पितळी गाभ्याचे थोडे अपवाद सोडून, खाली करडं लोखंड दिसलं पाहिजे. पिवळट किंवा पांढुरका धातू दिसला तर फार सावध व्हा.

व्हर्नियर कॅलिपरने मापही घ्या. द्वितीय श्रेणीचा 1914 चा क्रॉस साधारण 42 मिमी रुंद असतो. अस्सलवरून साचा काढून ओतलेला धातू थंड होताना आकसतो आणि अर्धा मिमी सहज कमी भरतो. अर्थात कारखान्यागणिक मापं थोडी बदलतात, म्हणून तुलना त्याच कारखान्याच्या खात्रीच्या क्रॉसशीच करा. रंग जुना आहे का हे बघायला ॲसिटोन मात्र लावू नका. नकली मळ निघेल, पण क्रॉस अस्सल निघाला तर त्याचा मूळ काळा रंगही जाईल. चांदीलाही पॉलिश करू नका, खोबणीतला काळेपणा हाच तर एक पुरावा आहे.

1939 च्या, म्हणजे नाझी राजवटीतल्या स्वस्तिक असलेल्या क्रॉसबद्दलही तुम्ही विचारलंत. पश्चिम जर्मनीत 1957 च्या कायद्याने स्वस्तिकाशिवाय ही पदकं लावायला परवानगी मिळाली, मध्यभागी ओकची पानं आली. त्या 1957 च्या चौकटीत नंतर स्वस्तिकाचा गाभा बसवून विकलेले क्रॉस फिरत असतात. त्यांची चौकट कसबी कारखान्याचीच असते, म्हणून डोळा फसतो. जर्मन विक्रेते कायद्यामुळे फोटोत मधला भाग झाकतात, तेव्हा कडेचे आणि मागच्या बाजूचे फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. हात बसवायचा असेल तर 1934 चा हिंडेनबुर्ग क्रॉस (पहिल्या महायुद्धातल्या सहभागासाठी दिलेलं जर्मन पदक) आधी घ्या. तो लाखोंनी वाटला गेला, त्यामुळे आजही स्वस्त मिळतो, आणि अस्सल ठोकीव काम कसं दिसतं ते त्यावर शिकता येतं.

तुमच्या क्रॉसचे चार प्रकारचे फोटो पाठवा: चारही आतले कोपरे कडेवरून, दाण्यांची ओळ जवळून, कडीचा जोड आणि मागची बाजू. फ्लॅश नको, खिडकीचा तिरका उजेड पुरेल, आणि बाजूला मिमीची पट्टी ठेवा. सांधा दिसला तर कारखान्याचा अंदाजही बांधता येईल.