‘गणिताचं सॉफ्टवेअर खोटं उत्तर देतं’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘परदेशी गणित सॉफ्टवेअरचा भांडाफोड’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. मग आमच्या भाऊजींनी तोच फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, की भाचीने पुढच्या सेमिस्टरला गणिताच्या कॉम्प्युटर प्रॅक्टिकलचा विषय घेऊ नये. ती बीएस्सीला आहे आणि विषय तिने स्वतः निवडलाय. आता गप्प बसणं जमायचं नाही.

मेसेज मॅथेमॅटिका, मेपल असल्या सॉफ्टवेअरबद्दल आहे. नुसते आकडे न मोजता क्ष-य असलेली बीजगणितं, इंटिग्रल (म्हणजे ढोबळमानाने आलेखाखालचं क्षेत्रफळ) वगैरे सोडवणारी ही सॉफ्टवेअर. आरोप चार. एक, तीन स्पॅनिश गणितज्ञांनी चोरी पकडली, एकच गणित दोनदा घातलं की दोन उत्तरं येतात. दोन, पायचं (π) एक इंटिग्रल सात वेळा बरोबर येतं आणि आठव्यांदा ‘सॉफ्टवेअर पाय विसरतं’. तीन, संगणकाला ०.१ अधिक ०.२ सुद्धा जमत नाही. चार, हाताने गणित करणारे जुने लोक कधीच चुकत नसत. सबब पोरांना यंत्राच्या नादी लावू नका. शेवटी अर्थातच एका क्लासचा फोन नंबर.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण त्यावरच सगळ्यात जास्त टाळ्यांचे इमोजी पडलेत आणि तोच सगळ्यात हास्यास्पद आहे.

साइन क्ष भागिले क्ष याचं शून्यापासून अनंतापर्यंतचं इंटिग्रल म्हणजे पायचा अर्धा. आता त्याला आणखी एका घटकाने गुणा, ज्यात क्ष च्या जागी क्ष/३ आहे. उत्तर तेच. मग क्ष/५, क्ष/७ असं क्ष/१३ पर्यंत गुणत गेलं तरी उत्तर पायचा अर्धाच. क्ष/१५ चा घटक आला की मात्र उत्तर किंचित कमी भरतं. पहिली दहा दशांशस्थळं जुळतात, अकराव्याला फरक पडतो. मेसेजवाल्याने याचे स्क्रीनशॉट लावून वर लाल गोल काढलेत.

अहो, ते उत्तर बरोबर आहे! डेव्हिड आणि जोनाथन बोरवाइन या पितापुत्रांनी २००१ मध्ये याचं गणित सिद्धतेसकट छापलं, त्यांच्याच नावाने ही इंटिग्रलं ओळखली जातात. हाच निकाल बग समजून मेपलच्या एका डेव्हलपरने तीन दिवस कोड उकरला होता, आणि शेवटी कळलं की सॉफ्टवेअर निर्दोष आहे. म्हणजे या मेसेजने जी ‘चूक’ शोधली, ती जाणकारांनी तपासून कधीच निकालात काढलेली आहे.

आणि हे पटायला सॉफ्टवेअर लागतच नाही. फूरिएच्या पद्धतीने, म्हणजे फल लहरींमध्ये फोडून पाहिलं तर पहिला घटक म्हणजे सपाट माथ्याचा एक ठोकळा, मध्यापासून दोन्हीकडे १ इतका पसरलेला. पुढचा प्रत्येक घटक त्याची सरासरी काढतो आणि सपाट माथा दोन्ही कडांनी कुरतडतो, आधी १/३ ने, मग १/५ ने, मग १/७ ने. आपलं इंटिग्रल म्हणजे ठोकळ्याच्या बरोबर मधल्या बिंदूची उंची. कुरतडणं मध्यापर्यंत पोचत नाही तोवर ती उंची हलणार नाही. आता कागद घ्या आणि १/३ पासून १/१३ पर्यंतच्या विषम अपूर्णांकांची बेरीज करा. ०.९५५ येईल, १ पेक्षा कमी. त्यात १/१५ मिळवा, १.०२२ होईल. मध्य गाठला, उंची ढळली. दहावीच्या मुलाला जमेल अशी बेरीज आहे. लाल गोल काढायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्या वेळात झाली असती.

आता पहिला मुद्दा. यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. दुरान, पेरेझ आणि वारोना या तिघांचा लेख अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘नोटिसेस’मध्ये नोव्हेंबर २०१४ ला आला. मी तो वाचलाय. मेसेज लिहिणाऱ्याने शीर्षकापुढे वाचला असेल असं वाटत नाही. प्रचंड मोठे पूर्णांक भरलेल्या १४ बाय १४ च्या मॅट्रिक्सचा, म्हणजे अंकांच्या चौकोनी मांडणीचा, डिटर्मिनंट (त्या अंकांपासून ठरावीक रीतीने निघणारी एक संख्या) मॅथेमॅटिका चुकीचा देत होतं, आणि तीच आज्ञा पुन्हा दिली की वेगळं चुकीचं उत्तर. खरं उत्तर धन, आलेलं ऋण, वर लाखो पटींनी मोठं. पूर्णांकांच्या गणितात असं होणं ही लाजिरवाणीच गोष्ट. चूक कंपनीला ऑक्टोबर २०१३ मध्ये कळवली होती, लेख छापून आला तोवर वर्ष उलटलं होतं. आतला कोड बंद असल्यामुळे बाहेरच्याला चूक नेमकी कुठे आहे ते बघताही येत नाही, ही त्या तिघांची तक्रार रास्तच आहे. सेज किंवा मॅक्सिमासारख्या खुल्या सॉफ्टवेअरमध्येही बग असतात, पण निदान ते सगळ्यांसमोर नोंदलेले असतात.

पण मेसेजने अर्धी गोष्ट गिळली. त्या तिघांनी मेपलमध्ये तेच गणित करून ताळा घेतला. यंत्राची चूक दुसऱ्या यंत्राने उघडी पाडली! ‘सॉफ्टवेअर फेका’ असं त्या लेखात कुठेही नाही.

आणि खरोखरच्या चुकाच हव्या असतील तर मेसेजवाल्यापेक्षा चांगली मी देतो. १ भागिले (२ + कॉस क्ष) याचं शून्य ते दोन पाय इंटिग्रल घ्या. नेहमीच्या रीतीने, म्हणजे क्ष/२ चा टॅन्जंट घालून, जे सूत्र निघतं त्याची किंमत दोन्ही टोकांना शून्य. जुन्या सॉफ्टवेअरनी अशा जागी डोळे मिटून वजाबाकी केली आणि शून्य हे उत्तर दिलं. सूत्र मधे, क्ष = पायपाशी, उडी मारतं हे त्यांनी पाहिलंच नाही. खरं उत्तर दोन पाय भागिले वर्गमूळ ३, सुमारे ३.६३. हे पकडायला काय लागतं? तो अपूर्णांक कायम १/३ ते १ च्या मधे असतो, मग त्याच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ शून्य कसं असेल? हा प्रश्न विचारायची सवय प्रॅक्टिकलमध्येच लागते, भाऊजी. विषय सोडून नाही.

०.१ अधिक ०.२ बद्दल दोनच ओळी. तो दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवण्याचा प्रश्न आहे. या सॉफ्टवेअरना १/१० अधिक २/१० द्या, नेमकं ३/१० मिळतं. त्यासाठीच तर ती बनवली आहेत.

आणि हाताने कधी चूक होत नव्हती म्हणे. विल्यम शँक्सने १८७३ मध्ये पायची ७०७ दशांशस्थळं हाताने काढली. पाचशे सत्ताविसाव्यानंतरची सगळी चुकीची होती, आणि हे उघड व्हायला सत्तर वर्षं गेली. तोवर पॅरिसच्या विज्ञान संग्रहालयात ते चुकीचे अंक भिंतीवर विराजमान झाले होते. एकोणिसाव्या शतकातल्या दलोने या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने चंद्राच्या गतीची बीजगणिती सूत्रं मांडण्यात आणि तपासण्यात वीस वर्षं घालवली. १९७० मध्ये बोइंगच्या प्रयोगशाळेत तीच आकडेमोड संगणकाने वीस तासांत केली आणि दलोनेच्या तीन चुका सापडल्या, त्यातल्या दोन तर पहिलीतूनच उद्भवलेल्या. दलोनेचं कौतुक यात कणभरही कमी होत नाही. पण चुका सापडल्या त्या संगणकाला.

राहिला तो क्लासचा नंबर. भाऊजी, पैसे भरण्याआधी फोन करून एवढंच विचारा: त्या स्पॅनिश लेखातला डिटर्मिनंट, ज्याचं उत्तर पावणेदहा हजार अंकी आहे, तो तुमच्या सरांकडून हाताने कधीपर्यंत मिळेल?