बोटे यांचे ग्राफाइट आणि हुकलेला बॉम्ब

‘जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर बोटे यांनी ग्राफाइट मोजताना चूक केली आणि त्या एका चुकीमुळे हिटलरला अणुबॉम्ब मिळाला नाही’ हे विधान इतक्यांदा सांगितले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

चूक झाली, हे मान्यच करायला हवे. १९४१च्या आरंभी हायडेलबर्गमध्ये बोटे यांनी केलेल्या मोजमापात ग्राफाइट न्यूट्रॉन फार शोषून घेते, म्हणजे अणुभट्टीत मंदक (न्यूट्रॉनचा वेग कमी करणारा पदार्थ) म्हणून ते निरुपयोगी आहे, असे दिसले. दोष ग्राफाइटमधील अशुद्धीचा होता. बोरॉनचा अंशही न्यूट्रॉन गिळतो, हे अमेरिकेत भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी ओळखले होते, म्हणून तिथे अतिशुद्ध ग्राफाइट बनवून घेतले गेले आणि २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोची भट्टी चालू झाली.

परंतु ही चूक जर्मनीत कोणाच्याच ध्यानात आली नाही, हे खरे नाही. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म हान्ले यांनी बोरॉनचा प्रश्न दाखवून दिला होता आणि तो लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागापर्यंत पोहोचला होता. एवढे शुद्ध ग्राफाइट तयार करणे फार खर्चाचे आणि व्याप्त नॉर्वेतील वेमोर्क येथील कारखान्याचे जड पाणी (जड हायड्रोजनचे पाणी, हेही मंदकच) मात्र हाताशी, असा हिशेब तेथे झाला. निवड विभागाची होती. तिचे सगळे ओझे एका प्रयोगशाळेवर टाकणे अन्यायाचे आहे.

शिवाय भट्टी म्हणजे बॉम्ब नव्हे. युरेनियमचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) वेगळे करणे किंवा प्लुटोनियम मिळवणे यासाठी जे अवाढव्य कारखाने लागतात, ते उभारायचे नाहीत, हे १९४२ मध्येच ठरल्यासारखे होते. युद्धाच्या अखेरीस दक्षिण जर्मनीतील हायगेरलोखची भट्टी ६६४ युरेनियम-ठोकळे आणि जड पाणी असूनही स्वयंपोषी झाली नाही, म्हणजे तिच्यातील अणुविखंडनाची साखळी आपली आपण चालू राहिली नाही.

या विधानाने बोटे यांचे उरलेले आयुष्य पुसून टाकले, ही गोष्ट मला सर्वांत खटकते. भौतिकशास्त्रज्ञ हान्स गायगर यांच्यासोबत त्यांनी कण टिपणाऱ्या दोन गणकांच्या एकाच क्षणी येणाऱ्या नोंदी जुळवण्याची पद्धत घडवली आणि १९२५ मध्ये तिच्या आधारे दाखवले की ऊर्जा व संवेग यांची अक्षय्यता केवळ सरासरीने नव्हे, तर कॉम्प्टन प्रकीर्णनाच्या (इलेक्ट्रॉनवर आदळून क्ष-किरण विखुरण्याच्या) प्रत्येक घटनेत पाळली जाते. १९३० मध्ये हर्बर्ट बेकर यांच्यासह बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा करताना त्यांना अतिभेदक प्रारण आढळले. ते गॅमा किरण असल्याचा त्यांचा समज चुकीचा होता, पण ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स चॅडविक यांचा न्यूट्रॉन १९३२ मध्ये सापडला तो याच वाटेवर. १९५४च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा बोटे यांना मिळाला तो त्या जुन्या पद्धतीसाठी आणि तिच्या साहाय्याने लागलेल्या शोधांसाठी.