‘मोजलं नाही, तर धोका नाही’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. फौजींच्या शरीरात जाणाऱ्या विषारी धुरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "सगळं भावनेच्या भरात. डोस मोजल्याशिवाय धोका म्हणणं हे विज्ञान नव्हे. अमेरिकेच्या भरपाई कायद्याचा खर्च बघा. आणि ग्वाल्हेरकरांनी आधी मराठी सुधारावी."

शेवटचंच आधी घेतो, तेच जास्त लागलं. आमच्या लष्करातल्या घरांत (लष्कर म्हणजे इथली वस्ती, फौज नव्हे, नाहीतर यावरही प्रतिक्रिया यायची) दाराबाहेर हिंदी असून चार पिढ्या मराठी टिकली. पुण्यात ती टिकवायला काय कष्ट पडतात?

इराकमधल्या खामिसियाला शस्त्रसाठा उडवल्याची घटना मी फेब्रुवारी १९९१ ची लिहिली, ती मार्चची. चूक माझी, दुरुस्त केली. खर्चाचं पुन्हा कधीतरी.

आता डोस, म्हणजे शरीरात विष किती गेलं ते. मोजणार कोण, आणि कधी? खामिसियाला आखाती युद्धानंतर अमेरिकी जवानांनी इराकी रॉकेटांचा साठा उडवला. त्यात सरीन हा मज्जासंस्थेवर घाला घालणारा विषारी वायू आहे हे उडवणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतं. पेंटागॉनने कबूल केलं १९९६ मध्ये. पाच वर्षांपूर्वीची हवा कुठून आणणार? मग वाऱ्याच्या नोंदी जमवून संगणकावर धुराचा नकाशा काढला आणि सुमारे लाखभर जणांना पत्रं गेली. २००० साली गणित पुन्हा मांडलं, तर काहींना कळवलं की तुम्ही धुरात नव्हतात, आणि काही नवेच आत आले. माणसं तीच, फुफ्फुसं तीच. हाच ना तुमचा डोस? तुम्ही म्हणता त्या अमेरिकेच्या २०२२ च्या भरपाई कायद्याने तर ठरावीक ठिकाणी नोकरी आणि ठरावीक आजार एवढंच पुरेसं मानलं, कारण एकेकाचा डोस सिद्ध करणं त्या जवानाला शक्यच नव्हतं.

आणि भावनेचं म्हणाल, तर मी तीन हिवाळे बर्फात काढलेत. बंकरमध्ये रात्रभर रॉकेलची बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा, थुंकी काळी. आमच्या ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेत विषारी वायू ओळखायची साधनं बनतात. आमच्या बंकरात मोजायला होता एक थर्मामीटर. आज जिना चढताना मधे थांबावं लागतं. एका डॉक्टरने विचारलं, "सिगरेट किती?" आयुष्यात ओढली नाही, साहेब.

तुम्हाला आकडाच हवा ना? घ्या. बंकर दहा बाय बारा, माणसं सहा, खिडकी एक, तीही पोतं कोंबून बंद. काढा डोस.