लाइट गेली की सोलरही बंद

'गच्चीवर सोलर बसवलं की प्रत्येक गल्ली विजेत स्वयंपूर्ण' असं बेळगावबद्दलच्या एका लेखात म्हटलंय. वाचायला बरं वाटतं. पण हेस्कॉमच्या, म्हणजे इथल्या वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की आपोआप बंद पडतो. खांबावर चढलेल्या लाइनमनला उलटा शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) मुद्दाम तसाच बनवतात. आमच्या शेजारच्या काकांना हे बसवणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. भर दुपारी डोक्यावर रणरणतं ऊन, पॅनेल तापलेलं आणि घरातला पंखा बंद! लाइट गेल्यावरही चालावं म्हणून बॅटरी हवी असेल तर हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्हीला जोडलेला) घ्या, म्हणजे खर्च आणखी वाढला.

केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरावरच्या ३ किलोवॅट सोलरला ७८,००० सबसिडी आहे, मान्य. पण २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेत २०० युनिटच्या आत वापर असलेल्यांना बिल शून्याच्या आसपास येतंय. ते कशाला पदरचे पैसे घालतील? शिवाय शहापुरातली जुनी कौलारू घरं, त्यात भाऊबंदकी. छप्पर कुणाचं इथूनच भांडण.

त्यापेक्षा आधी उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या मशीन शॉपच्या शेडकडे बघा. काम दिवसा, बिल कमर्शियलसारखं भरभक्कम, वर अख्खा पत्रा मोकळा. पावसाळ्याचे चार महिने तेवढे हिशेबात कमी धरा, बेळगावचा पाऊस आहे तो.